शेऱ्याचा रकाना

लीलावतीबाईंनी पेन उचललं, टोपण काढलं, कागदावर टेकवलं आणि पुन्हा टोपण लावून टेबलावर ठेवून दिलं.

"काय झालं आई?" उदयरावांनी विचारलं.

"मला न्हाई जमायचं."

"सही करायला न जमण्यासारखं काय आहे त्यात? बँकेत करतेस की."

"बँकेतली सही येगळी."

शेजारच्या खुर्चीत नोटरी वाळवेकर वकील शिक्का हातात धरून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी लीलावतीबाईंकडे पाहिलं, आणि लीलावतीबाई खिडकीबाहेरच्या उसाच्या रसाच्या गाड्याकडे पाहू लागल्या. मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. शुक्रवारी मुंबईत फाइल द्यायची होती.

ही गोष्ट सात वर्षांपूर्वीची. सांगलीत कोर्टाच्या मागच्या गल्लीत तेव्हाही माझं ऑफिस होतं, आजही आहे. फक्त पाटी मोठी झाली आहे. परदेशी जाणाऱ्यांची कागदपत्रं तयार करून देणं हा माझा धंदा. जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले, त्यांची भाषांतरं, वर सरकारी शिक्के. एका कागदावर माणूस 'दत्तात्रय' असतो, दुसऱ्यावर 'दत्तू', तिसऱ्यावर नुसताच 'डी. बी.' हे तिघे एकच आहेत, असं परक्या देशातल्या साहेबाला पटवून द्यायचं. ते मला छान जमायचं. जुळत नाही असा कागद आणा, असं मी गमतीने म्हणायचे, आणि त्या गमतीत बरीचशी घमेंड होती.

उदयराव डुबल तासगावचे. वय चव्वेचाळीस, बेदाण्याचा व्यापार, स्वतःचं कोल्ड स्टोअरेज. धंद्याच्या निमित्ताने दोनदा ग्रीसला जाऊन आले आणि येताना अथेन्सच्या समुद्राकडच्या भागात एक फ्लॅट पसंत करून आले. तिथे घर घेतलं की घरातल्या माणसांना राहण्याचा परवाना मिळतो, हे मुंबईच्या एजंटने त्यांच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. घरातली माणसं म्हणजे बायको स्नेहल, कॉलेजात जाणारी मुलगी अन्वी आणि आई. वडील, हणमंतराव, जाऊन काही वर्षं झाली होती. पहिल्याच भेटीत उदयराव मला म्हणाले होते, "मॅडम, एक लक्षात ठेवा. आई येत असेल तरच आम्ही जाणार. तिला इथं एकटी टाकून मी कुठं जायचा नाही."

आणि आई यायला तयार होती, हे विशेष. एरवी त्या वयाच्या बायका घर, तुळस, दूधवाला अशी शंभर कारणं काढतात. या बाईंनी एकच प्रश्न विचारला, "तिकडं जोंधळ्याचं पीठ मिळतंय का?" मी एजंटला फोन करून विचारलं. त्याच्या आयुष्यात तो प्रश्न पहिल्यांदाच आला असावा.

कागदांत अडचण एकच होती. उदयरावांचा जन्म आजोळचा, बोरजाईवाडीचा. मार्च एकोणीसशे चौऱ्याहत्तर. दाखल्यावर आईचं नाव लीलावती हणमंत डुबल, वय बावीस. लीलावतीबाईंच्या पासपोर्टावर जन्मतारीख एक जून अठ्ठावन्न. म्हणजे मुलगा झाला तेव्हा त्या सोळाच्याही नव्हत्या. पण एक जूनला जन्मलेल्यांची आपल्याकडे फौजच आहे. शाळेत नाव घालताना गुरुजी ती तारीख लावून टाकत, त्यात वर्षही अंदाजाचंच. शाळेचा दाखला मागितला तर तो हरवला म्हणाल्या. लग्नाचा दाखला तर त्या पिढीत कुणाकडेच नसतो. मात्र उदयरावांना वडिलांच्या ट्रंकेत लग्नपत्रिका सापडली. वैशाख, एकोणीसशे बहात्तर. चि. हणमंत आणि चि. सौ. कां. अनसूया, दत्तू सूर्यवंशी यांची ज्येष्ठ कन्या.

पत्रिका बघून मला कोण आनंद झाला. माहेरची अनसूया, सासरची लीलावती. लग्नात मुलीचं नाव बदलायची आपल्याकडे रीतच आहे. ताम्हनात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवं नाव लिहितो आणि जुनं नाव माहेरी राहतं. असली प्रतिज्ञापत्रं मी डोळे मिटून लिहायचे. हेही तसंच लिहिलं. 'मी, लीलावती हणमंतराव डुबल, माहेरची अनसूया दत्तू सूर्यवंशी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की माझा विवाह १९७२ साली झाला, १९७४ साली मी उदय या मुलास जन्म दिला, आणि जन्मनोंदीतील लीलावती व मी एकच व्यक्ती आहोत. वयातील तफावत नजरचुकीने झाली आहे.' सगळं कसं चपखल बसलं होतं.

इंग्रजी कागदावर सही घेण्याआधी मराठी मसुदा अशिलाला वाचायला द्यायचा, हा माझा नियम. लीलावतीबाईंनी तो ओळीखाली बोट धरून शेवटपर्यंत वाचला होता. त्यानंतर ते पेनाचं झालं.

"काकू," मी म्हटलं, "काही चुकलंय का? आत्ता दुरुस्त करून देते."

"चुकलेलं न्हाई. चांगलं लिवलंय."

"मग?"

"मला न्हाई जमायचं," त्या परत म्हणाल्या आणि पदर खांद्यावरून घेऊन उठल्या.

वाळवेकरांनी शिक्का डबीत घातला. उदयराव मला जिन्यात घेऊन गेले. माणूस तसा शांत, पण चेहरा पडला होता. "घाबरली असणार. परदेश आता जवळ आला ना. मॅडम, तुम्ही बोला तिच्याशी. बायका बायकांशी बोलतात. आणि ती नाही म्हणाली तर सगळंच रद्द, बरं का. अन्वी तर माझ्याशी बोलायची नाही."

मी बोलते म्हटलं. शिवाय त्या बाजूला माझं एक काम होतंच. उदयरावांनी आपला जन्मदाखला लॅमिनेट करून ठेवला होता. कागदावर जीव जडला की त्याला प्लॅस्टिकमध्ये घालायचा, ही आपल्या लोकांची सवय. आणि लॅमिनेट केलेल्या कागदावर कुठलाही साहेब शिक्का मारत नाही. नवीन दाखला आणायला दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी बोरजाईवाडीला गेले.

ग्रामसेवक भला माणूस होता. त्याने जुनं जाडजूड रजिस्टर कपाटातून काढलं, फडक्याने पुसलं आणि पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. नोंद अगदी दाखल्यासारखीच होती. मुलगा, नऊ मार्च, वडील हणमंत, आई लीलावती, वय बावीस. फक्त शेवटच्या रकान्यात लाल शाईने, बारीक अक्षरात, काहीतरी लिहिलेलं होतं.

"हे काय आहे?"

"शेरा आहे. उताऱ्यात शेरा उतरवत नाहीत मॅडम. कुणी मागतच नाही."

मी चष्मा वर करून वाचलं. 'माता मयत. पाहा मृत्यू नोंद क्र. ७.'

ग्रामसेवकाने न सांगता तेच रजिस्टर मागच्या बाजूने उघडलं. मृत्यूच्या नोंदी तिथे होत्या. सात नंबर. लीलावती हणमंत डुबल, वय बावीस, वीस मार्च एकोणीसशे चौऱ्याहत्तर, बाळंतरोग. खबर देणार, दत्तू सूर्यवंशी, वडील.

"ह्याचाही उतारा देऊ का?" त्याने विचारलं. "आलाच आहात तर."

मी हो म्हटलं. धंद्याची सवय, दुसरं काही नाही. बाहेर येऊन गाडीत बसले तेव्हा मनात पहिला विचार कसला आला असेल? लीलावतीबाईंचा नाही, उदयरावांचाही नाही. हा उतारा फाइलमध्ये जाता कामा नये, हाच पहिला विचार. तो मी घडी करून पर्समध्ये ठेवला आणि तासगावच्या रस्त्याला लागले.

डुबलांचं घर मोठं, नवं, पुढे दोन गाड्या. लीलावतीबाई मात्र मागच्या शेडच्या सावलीत पोत्यावर बसून सुपात बेदाणे निवडत होत्या. कोल्ड स्टोअरेजमध्ये त्या कामाला यंत्र होतं. हाताला काम पाहिजे म्हणून त्या रोज थोडे घरी मागवून घेत.

"आलासा?" त्या म्हणाल्या. "तुमी येणार हे ठावं हुतं. जेवून जावा."

जेवणामुळे बोलणं टळलं नाही, लांबलं. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. स्नेहल माहेरी गेली होती. भाकरी, पावट्याची आमटी, ठेचा. ताट पुढ्यात घेतल्यावर त्यांनी गळ्यातला काळा दोरा बाहेर ओढला. त्याला चांदीचा बोटाच्या पेराएवढा टाक होता, झिजून गुळगुळीत झालेला. भाकरीचा तुकडा त्या टाकाला लावला, तो तुकडा ताटाच्या कडेला ठेवला आणि मग जेवायला सुरुवात केली.

"देवी का?" मी विचारलं.

"उदय पन असंच म्हणतो," त्या म्हणाल्या. "तुमी वाडीला जाऊन आलासा न्हवं? मग तुमाला कळलं असंल."

मी पर्सकडे बघितलं नाही, पण हात मात्र तिकडे गेला.

"अक्का माझी," लीलावतीबाई म्हणाल्या. "थोरली भन. अनसूया. बाळंतपणाला आली ती अकराव्या दिशी गेली. दुसऱ्या दिशी बारसं हुतं. पाळण्याला बांधायला मी कागदाची फुलं केली हुती."

"आणि तुम्ही?"

"मी वत्सला. सातवी झाल्यावर साळा सोडून घरीच हुते. लेकरू माझ्या काखंत आलं ते सव्वा वर्ष खाली उतरलं न्हाई. शेळीच्या दुधावर वाढवलं. मग डुबलांची मानसं आली न्यायला, वंश त्यांचा म्हणून. लेकरू मला सोडंना. ह्यो कालवा केला! दोनदा न्हेलं, दोनदा परत आणलं, ताप भरला म्हणून. शेवटाला आमचा बाप म्हणाला, लेकरू सोडत न्हाई तर हिलाच धाडू." त्या हसल्या. "हुंड्यात मानसं भांडी देत्यात. मी उदयसंगं गेले."

"पत्रिका?"

"पत्रिका कुटली? दुसरेपणाला कोण छापतंय? देवळात चार मानसं. मालकांनी तांदळात अंगठीनं नाव लिवलं. मी वाकून बघितलं तर लीलावती. अक्काचं. सासू म्हणाली, घरात त्या नावाची सवय हाय, आन पोराला पन फरक कळायला नगो. मग हा टाक केला अक्काचा. सवतीचा टाक म्हणत्यात. नवं लुगडं आधी हिला दाखवायचं, घास आधी हिला. मला काय त्याचं वाईट वाटलं न्हाई. भनच हाय."

"आणि उदयरावांना कुणीच सांगितलं नाही?"

"कोण सांगंल?"

गावात अशी गोष्ट लपत नाही, असं आपण म्हणतो. चांगली लपते. सगळ्यांनाच माहीत असली की कुणी कुणाला सांगायला जात नाही, आणि सांगणारी पिढी एक दिवस संपते. हणमंतराव गेल्यावर बहुधा ही एकटीच उरली होती.

मी माझ्या कामाला लागले. आज आठवलं की मान खाली जाते, पण तेव्हा मला ते कामच वाटत होतं. म्हटलं, "काकू, नुसता कागद आहे हो. तिकडे ग्रीसमध्ये कोण बसलंय वाचायला?"

"मी वाचते की. सातवी झालीया माझी."

"खरं लिहिलं तर तुम्ही कागदोपत्री त्यांची आई ठरत नाही. मग तुमचा परवाना होत नाही. तुम्ही इथे, ते तिथे. किंवा कुणीच कुठे नाही."

"व्हय. उदय काल जिन्यात म्हणत हुता, ते आइकलं मी. रातभर तेच चाललंय डोस्क्यात." त्यांनी ताटातली आमटी बोटाने पुसून घेतली. "बाई, मी त्याची आई हाय हे मी लाख जागी सांगीन. सही करीन, अंगठा दीन. पन 'अनसूया मीच' असं कसं लिवू? ती जितीजागती हुती. तिचं नाव मी घेतलं, नवरा घेतला, लेक घेतला. आता ती नव्हतीच, असं सत्यप्रतिज्ञेवर सांगू?"

मी हात धुतले आणि निघाले. घरी आल्यावर मुंबईच्या एजंटला फोन केला आणि 'दुसऱ्या एका अशिला'ची म्हणून केस सांगितली. तो म्हणाला, मुलाच्या जन्मदाखल्यात जी बाई आई आहे ती आई, आणि ती हयात हवी, बाकी काही नाही. मी आभार मानले. मग पर्समधून तो उतारा काढला. खरं सांगायचं तर तो फाडायचा असं मी ठरवलं होतं. अर्धी घडी उघडलीसुद्धा. तेवढ्यात लीलावतीबाईंचा फोन आला. "उद्या धाला उदयला घेऊन येते. कागद तयार ठेवा. आन तुमच्याकडं वाडीचा कागद हाय न्हवं? त्यो पन असू द्या."

गुरुवारी दहाला दोघं आले. उदयराव खुशीत होते. सोबत पेढ्यांचा पुडा होता. "बोलला वाटतं तुम्ही," ते मला हळूच म्हणाले. वाळवेकरांना मी शेजारच्या खोलीतच थांबायला सांगितलं होतं.

लीलावतीबाई बसल्या. गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला आणि टाक फाइलवर ठेवला.

"ह्यो कशाचा हाय?"

"देवीचा," उदयराव म्हणाले. "का? तिकडं न्यायला परवानगी लागते का मॅडम?"

"देवीचा न्हवं. तुझ्या आईचा हाय."

"मग तुझाच की," ते हसले.

"माझा न्हवं, बाळा. तुझ्या आईचा."

मला सांगायला त्यांना एक जेवण पुरलं नव्हतं. उदयरावांना त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. अनसूया, अकरावा दिवस, शेळीचं दूध, देवळातलं लग्न. आवाज चढला नाही, डोळे पुसले नाहीत. मधे एकदाच थांबल्या, तेही मला "पंखा जरा कमी करा" असं सांगायला.

उदयरावांनी पेढ्यांचा पुडा टेबलाच्या कडेला सरकवला. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"काल कळलं."

"कागद आहे?"

मी उतारा दिला. त्यांनी तो व्यापारी माणूस वाचतो तसा वाचला, वरून खाली, मग पुन्हा वरून. एका जागी अंगठा ठेवून म्हणाले, "बावीस." थोड्या वेळाने म्हणाले, "आमची अन्वी दिवाळीत वीसची होईल."

त्यांनी टाक उचलला आणि उजेडाकडे धरला. "लहानपणी मी हा तोंडात धरून झोपायचो. आठवतंय मला."

"धरून? चावायचास. दात आलं तवा." लीलावतीबाईंनी बोटाने कड दाखवली. "ह्ये बघ. ह्यो खड्डा तुझाच. सासू मला बोलली, देव चावू देतीस पोराला म्हणून. मी म्हणलं, चावू द्या. त्येचंच हाय ते."

आता मात्र उदयरावांना रडू आवरलं नाही. ओठ घट्ट मिटून, खाली मान घालून ते रडले. लीलावतीबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. थांबल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आना त्यो कागद, बाई. करते सही."

"काकू?"

"परवा त्येला ठावं नव्हतं. परवा मी सही केली असती तर अक्का कुटंच उरली नसती. आता त्येला ठावं झालं. आता त्या कागदावर काय का असंना. मला माझ्या लेकरासंगं जायचंय."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मी प्रतिज्ञापत्र पुढे सरकवलं. हो, सरकवलं. माझ्या हाताला दुसरं काही येत नव्हतं. पेन टेकलं तेवढ्यात उदयरावांनी आपला तळवा कागदावर पालथा ठेवला.

"मॅडम, दत्तक घेता येतं का?"

"कुणाला?"

"मला. हिनं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. पण त्यांनी गंभीरपणे विचारलं होतं, म्हणून मीही तसंच उत्तर दिलं. "पंधरा वर्षांच्या आतला मुलगा लागतो. आणि लग्न झालेला चालत नाही."

"म्हणजे मी दोन्हीकडून नापास."

यावर लीलावतीबाईंना हसू आलं. आधी नाकातून, मग पदर तोंडाला लावून. ते बघून उदयरावही हसले, डोळे ओलेच होते. आवाज ऐकून वाळवेकर शिक्क्याची डबी घेऊन दारात आले. "झालं का?"

"नाही झालं," उदयराव म्हणाले. त्यांनी आईच्या हातातलं पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि फाइल बंद केली. "मॅडम, ही फाइल परत न्यायची म्हणतो. अन्वीला मी समजावतो."

"अरं, पन तुझा फ्लॅट?"

"घेईल की कुणीतरी."

आणि घेतला कुणीतरी. मी एजंटला अशिलाचा विचार बदलला एवढंच कळवलं. पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावर राहिला होता. तो मी आणि वाळवेकरांनी दोन दिवसांत संपवला. प्रतिज्ञापत्रही माझ्याकडेच राहिलं. सहीच्या जागी पेन टेकल्याचा एक बारीक निळा ठिपका आहे, बाकी ती जागा कोरी. त्यानंतर मी कुठल्याही गावचा उतारा मागताना शेऱ्याचा रकाना भरून मागते. ग्रामसेवक वैतागतात. वैतागू देत.

डुबलांची आणि माझी मग गाठ पडली नाही, ती मागच्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर पडली. दुपारची वेळ होती. जिन्यावर सावकाश पावलं वाजली आणि लीलावतीबाई दारात उभ्या राहिल्या. सोबत कुणी नव्हतं. गाडी खाली आहे म्हणाल्या. गुडघे दुखत होते तरी वर आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी हळदीकुंकू लावलेली पत्रिका काढली.

"अन्वीचं लगीन हाय. यायचं."

मी पत्रिका घेतली, छान आहे म्हटलं, बाजूला ठेवायला लागले.

"वाचा की."

मी वाचायला लागले.

"मनात न्हवं. मोठ्यानं. खालचं वाचा, आशीर्वादाचं."

मी चष्मा लावला आणि वाचलं, "आजोबा, कै. हणमंतराव डुबल. आजी, कै. सौ. लीलावती हणमंतराव डुबल. आजी, श्रीमती वत्सला हणमंतराव डुबल."

त्या खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवून उभ्या होत्या. "छापखानावाल्यानं फोन केलता उदयला," त्या म्हणाल्या. "दोन आज्या कशा, चूक हाय का म्हणून. उदय म्हणाला, हाय तसं छाप." मग जरा थांबून, "परत वाचा."

मी परत वाचलं. दुसऱ्या वेळी जरा सावकाश. वत्सला या नावाने हाक मारणारं शेवटचं माणूस जाऊन किती वर्षं झाली असतील, याचा मी हिशेब करत होते आणि तो लागत नव्हता.

"काकू," मी म्हटलं, "तुम्हाला तर वाचता येतं."

"येतंय की," त्या म्हणाल्या. "आइकायचं हुतं."